थोरलीची उत्तरं

नऊ महिन्यांनी घरी आलेल्या लेकीला आईने सकाळी उठल्याबरोबर आरशासमोर उभं केलं आणि गळ्यातली मोजपट्टी काढली. आई शिवणकाम करायची. लेक वसतिगृहातून आली की आधी मापं, मग चहा, हा तिचा नेम होता. मापं घेतल्याशिवाय लेक खरंच घरी आली आहे असं तिला वाटतच नसे.

"वाळलीस गं ठमे. कमर दीड इंच कमी."

"मेसचं जेवण आहे ते. त्यात एवढी उरले हेच नशीब."

"जीभ तेवढी वाढलीय. तिला माझी पट्टी पुरायची नाही."

ठमी हसली. आईने खांद्याचं माप घ्यायला दोन्ही हात वर केले, पण डावा हात अर्ध्यावरच थांबला. मग उजव्याच हाताने पट्टी ओढून तिने माप घेतलं आणि आकडा वहीत लिहिला.

"हाताला काय झालं?"

"काय व्हायचंय, तेच ते. आता आली आहेस तर दाखवून टाकू. तूच म्हणाली होतीस ना, मी आल्यावर बघू म्हणून."

"काय बघू?"

आई चेष्टा समजून हसली. ठमी हसत नाही हे पाहिल्यावर पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली, "अगं, गाठ. काखेतली. सात महिने झाले की."

ठमीने आईचा फोन मागून घेतला. स्वतःच्याच नावाखाली साठलेला संवाद ती उभ्या उभ्या वाचत गेली. आईने लिहिलं होतं, "अंघोळ करताना काखेत गाठ लागली. शर्टाच्या बटणाएवढी. कुणाला बोलू नकोस, फोनवर तर नकोच, इथे गिऱ्हाइकं बसलेली असतात." खाली उत्तर होतं, "घाई नको. मी आल्यावर बघू." पुढची ओळ आईची, "दुखत मात्र नाही." त्याखाली, "दुखत नाही ना? मग झालं तर!"

दोन महिन्यांनंतर आईने लिहिलं होतं, "आता कोटाच्या बटणाएवढी झाली. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

"घाई नको. मी आल्यावर बघू."

वाक्यं तिचीच होती. 'मग झालं तर' हे ती उठताबसता म्हणायची. पण यातलं एक अक्षरही तिने आईला पाठवलं नव्हतं. ही उत्तरं कुठून गेली हे मात्र तिला तत्क्षणी कळलं, आणि तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या या अंगाला आईचं शिवणयंत्र होतं. पलीकडे तिची खोली होती आणि खोलीत थोरली चालू होती.

ठमीकडे तीन कॉम्प्युटर होते, आणि त्यांना तिने बहिणींसारखी नावं दिली होती. धाकटी म्हणजे तळहाताएवढा बोर्ड, घरातलं वायफाय सांभाळणारा. मधली प्रयोगासाठी. तिच्यावर दर सुट्टीत नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढायची, महिनाभर कौतुक व्हायचं आणि मग ती पुसून दुसरी यायची. "माणसं कपडे बदलतात तशी ही सिस्टीम बदलते," असं आई शेजारणींना सांगायची. थोरलीचं तसं नव्हतं. एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचलून आणलेलं ते लोखंडी धूड होतं. त्यावर ठमीने अकरावीत असताना लिनक्स या सिस्टीमची सर्वांत जुनाट, संथ जात घातली होती. तिच्यात नवं काही येत नाही म्हणून काही बिघडतही नाही, असा त्या जातीचा लौकिक. थोरली तेव्हापासून एकदाही बंद झाली नव्हती. बॅटरी जोडलेली होती, त्यामुळे वीज गेली तरी तिला पत्ता लागत नसे. या छंदातली मुलं आपापल्या मशीनचे सलग दिवस एकमेकांना सांगतात, आणि ठमीचा आकडा कुणालाच गाठता आलेला नव्हता. रीस्टार्ट करणं तिला त्या आकड्यापायी जिवावर यायचं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आई दिवसाला सहा-सात मेसेज करायची. जेवलीस का, झोप झाली का, खोकला गेला का. प्रयोगशाळेत असल्यामुळे एकदा चार तास उत्तर गेलं नाही, तर आईने थेट वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. मग ठमीने दुसरा नंबर घेतला, आईला सांगितलं की हा नेहमी चालू असतो, आणि तो थोरलीला जोडून दिला. चाळीस वाक्यं लिहिली, सगळी आपल्या बोलण्यातली. शब्द ओळखून त्यातलं योग्य ते थोरलीने पाठवायचं, तेही दोन ते नऊ मिनिटं थांबून, म्हणजे माणूस वाटेल. जे ओळखू येणार नाही त्याला 'घाई नको, मी आल्यावर बघू' म्हणायचं आणि तो मेसेज ताबडतोब ठमीकडे धाडायचा. 'दुखत नाही' हा नियम तिने आईच्या मनगटासाठी लिहिला होता. तेव्हा तिचं मनगट शिवून शिवून धरायचं.

सुरुवातीला असे न ओळखलेले मेसेज आठवड्याला दोन-तीन यायचे. गेले काही महिने एकही आला नव्हता. आपला प्रोग्राम फारच चांगला जमलाय असं समजून ती खूश झाली होती.

ती खोलीत गेली. थोरलीचा पंखा एका सुरात घुमत होता. वरचं झाकण लख्ख पुसलेलं होतं.

"रोज फडकं मारते हो," दारातून आई म्हणाली. "तुझी लाडकी ना ती."

स्क्रीन जोडल्यावर ओळीमागून ओळी आल्या, सगळ्या एकच सांगणाऱ्या: डिस्क वाचता येत नाही. ठमीने एक साधी आज्ञा दिली. नकार. दुसरी दिली. नकार. पहिल्या बिघाडाची वेळ सेकंदांत लिहिलेली होती. तिने आईच्या वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. आठ महिने आणि चार दिवस.

डिस्क आठ महिन्यांपूर्वीच मेली होती. एकदा मेमरीत चढलेलं तेवढं चालू राहिलं होतं. उत्तरं देणारा प्रोग्राम मेमरीत होता. न ओळखलेले मेसेज ठमीकडे धाडणारा तुकडा मात्र दर वेळी डिस्कवरून उचलावा लागे, तो त्या दिवसापासून उठलाच नाही. एकदा जरी रीस्टार्ट केलं असतं, तर सगळं जागीच बंद पडलं असतं आणि तिला कळलं असतं. तिने केलं नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात सलग दिवसांचा आकडा होता, एक हजार सातशे बावीस.

"आई, हे मी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "गाठीचं मला आज कळतंय."

"मग कुणी लिहिलं?"

ठमीने बोट दाखवलं. आई आधी हसली. मग तिने थोरलीकडे नीट पाहिलं आणि हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर ठेवलं.

"म्हणजे मी तिकडे बसून लिहायचे, आणि ही इकडून..."

"हो."

"भिंतीपलीकडून."

"मला मार, ओरड, काहीतरी कर."

"ओरडून काय होणार?" आईने खुर्चीवरचं फडकं सारखं केलं. "पण ती कधी कंटाळायची नाही गं. तू फोनवर कंटाळतेस. मला वाटायचं, लिहिताना तुझा स्वभाव बदलतो."

ठमीने पुन्हा फोन घेतला आणि शेवटापर्यंत वाचत गेली. सगळं तिच्या चाळीस वाक्यांतलं होतं. फक्त तीन आठवड्यांपूर्वीचं एक नव्हतं. दुपारी आईने लिहिलं होतं, "आज फार भीती वाटतेय." सहा मिनिटांनी उत्तर आलं होतं, "मी इथेच आहे. पलीकडच्या खोलीत."

तिने ते तीनदा वाचलं. "हे आल्यावर तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हटलं, पोरगी थट्टा करतेय मला हसवायला. तुझ्या खोलीत येऊन थोडा वेळ बसले. बरं वाटलं."

दोन वर्षांपूर्वी तिने हे वाक्य लिहिलं असेल का? कशासाठी? चाळीस वाक्यांची यादी डिस्कवर होती, म्हणजे गेली. उरली होती ती थोरलीच्या मेमरीत, आणि ती वाचण्याचं साधन मेलेल्या डिस्कवर. चार दिवस खटपट केली असती तर कदाचित काही हाती लागलं असतं. पण तोवर थोरली चालू ठेवावी लागली असती. तेवढ्यात आई म्हणाली, "आज जायचं का डॉक्टरकडे? का उद्या?" आणि बोलता बोलता तिचा हात सवयीने फोनकडे गेला.

ठमीने बॅटरीची तार ओढली, मग भिंतीतली. पंखा घुमत घुमत थांबला. खोली इतकी गप्प तिने कधीच ऐकली नव्हती.

"आज," ती म्हणाली. "आत्ता."

डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, हात वर करून पाहिला आणि चष्म्यावरून विचारलं, "किती दिवस?"

"सात महिने," आई म्हणाली.

"सात महिने? अहो, आणि आज येताय?"

ठमीने तोंड उघडलं. आईने टेबलाखाली तिचा हात दाबला. "शाळेचे गणवेश होते हो. गर्दीत सवडच झाली नाही."

"गणवेश घालणारी पोरं थांबली असती. ही थांबत नसते." बाईंनी कागद लिहिला. "समोरच्या खोलीत सुईने तपासणी करून घ्या. आजच. काय आहे ते कळल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

समोरच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. दोघी बसल्या. परिचारिकेने एकदा हाक मारली, आई उठली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आईने पर्समधून फोन काढला आणि अंगठ्याने काहीतरी लिहिलं. ठमीने वाकून पाहिलं. त्या दुसऱ्या नंबरावर लिहिलं होतं, "जाऊ का आत?"

"आई, मी शेजारी बसलेय तुझ्या."

"हो गं."

"ती बंद केली मी. तुझ्यासमोर तार काढली. जा आत, मी आहे ना इथे."

"जाते ना," आई म्हणाली. तिची नजर फोनवरच होती. "जरा थांब. तिचं येऊ दे."

घड्याळात दोन मिनिटं गेली. तीन. परिचारिका दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, यायचं ना? नाहीतर पुढच्या पेशंटला घेते." आई जागची हलली नाही. ही आता उठणार नाही, आजही नाही आणि उद्याही नाही, हे ठमीला स्वच्छ दिसलं. तिने स्वतःचा फोन काढला. आपल्या नंबरावरून का होईना, आईला काहीतरी उत्तर आलं पाहिजे होतं. तिने घाईघाईत लिहिलं, "जा. मी बाहेर बसलेय," आणि पाठवायला बोट उचललं.

आईच्या हातातला फोन थरथरला.

आईने वाचलं. तिचा चेहरा सैल झाला. "बघ, आलं," ती म्हणाली आणि उठली. साडीचा पदर सारखा केला, फोन ठमीच्या मांडीवर ठेवला. "आत नेऊ देत नाहीत म्हणे." दार तिच्यामागे लागलं.

ठमीचं बोट अजून हवेतच होतं. तिच्या फोनवर तिची ओळ न पाठवता तशीच पडली होती. आईचा फोन मांडीवर उघडाच होता. त्या दुसऱ्या नंबरावरून, एका मिनिटापूर्वी: "जा. मी बाहेर बसलेय."

तिने आपली ओळ पुसून टाकली. आईच्या फोनवरची तशीच राहिली.

दार किलकिलं झालं. "काकूंबरोबर कोण आहे?" परिचारिकेने विचारलं. "सही लागेल."

बाकावर दुसरं कुणीच नव्हतं. तरी ठमीने उजवीकडे आणि डावीकडे पाहिलं, आणि मगच ती उठली.