आत्याचं एक वाक्य

चित्रपटात एक अपंग बाई हवी होती, आणि ती खरोखरची अपंग हवी होती. वर्तमानपत्रांत तसं छापून येणार होतं. म्हणून चंद्रावर शेती करणाऱ्या कुटुंबातल्या आत्याचं काम मला, हिरासे तामाकीला मिळालं. माझी चाकांची खुर्ची, वाकडे हात, अडखळत येणारा एकेक शब्द, सगळं जसंच्या तसं ठेवायचं, असं दिग्दर्शक कुरामोचींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माणूस सज्जन होता. सज्जन माणसांची मला फार भीती वाटते, पण तेव्हा मी ती गिळली.

सबंध चित्रपटात आत्याला एकच वाक्य होतं. शेवटी, यानात भरकटलेल्या भाचीला ती सांगते, "घरी ये. मी जागी आहे."

त्या वाक्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते आईसाठी. आई चौऱ्याऐंशीची, गावी उओझूला एकटी राहते. जन्मभर दुकानात, दवाखान्यात, शाळेत लोकांनी मला विचारलं आणि उत्तर आईने दिलं. "तिला म्हणायचंय..." अशी सुरुवात करायची. मला पुष्कळदा भलतंच म्हणायचं असायचं. एकदा तरी तिने गप्प बसून मला ऐकावं, एवढंच मला हवं होतं. थिएटरात तिला मध्ये बोलता येणार नव्हतं.

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा माझ्या पाठीमागे लावला होता. समोर खिडकीतून पृथ्वी दिसायला हवी, म्हणाले. मी वाक्य चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा मनासारखं जमलं. तेव्हा दिसलं, की ध्वनिमुद्रक नाम्बू-सान हेडफोन गळ्यात अडकवून उभे आहेत आणि माइकचा दांडा भिंतीला टेकवून ठेवलाय.

मी विचारणार, तेवढ्यात सहायक ओरडला, "आत्याचं काम करणाऱ्या हिरासे-सान यांचं चित्रीकरण इथे संपलं. खूप श्रम घेतलेत." टाळ्या झाल्या. सगळे कमरेत वाकले. कुरामोचींनी माझ्या मांडीवर भलामोठा गुच्छ ठेवला.

"नाम्बू-सान, आ... आवा..."

"त्यांना म्हणायचंय, आवाज नीट आला ना," कुरामोची म्हणाले. "आला हो, आला. काळजी नको."

गुच्छ घेतला की काम संपलं. मांडीवर फुलं घेऊन कुणी 'पुन्हा एकदा' म्हणत नाही. चाळीस माणसं जेवायची थांबली होती. मीही वाकले. त्या वाकण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तोक्योतल्या पहिल्या खेळाला मी गेले नाही. आईबरोबरच बघायचा होता. उओझूच्या थिएटरात दुपारी पोराबाळांची गर्दी होती. आई ठेवणीतला किमोनो नेसली होती. शेवटी पडद्यावर माझी पाठ दिसली, आणि मधासारख्या गोड, सरळ आवाजात कुणीतरी म्हणालं, "घरी ये. मी जागी आहे."

आईने माझं मनगट घट्ट धरलं. दिवे लागेपर्यंत कुणी उठलं नाही. नावं वर सरकत होती. माझ्या नावाखाली बारीक अक्षरात 'आवाज' म्हणून आणखी एका बाईचं नाव होतं. आईला तेवढं बारीक वाचता येत नाही.

बाहेर शेजारच्या मुराई काकू भेटल्या. आईचे डोळे वाहत होते.

"तामाकी, किती स्पष्ट बोललीस ग. एक शब्द अडला नाही. तोक्योत चांगला सराव करून घेतला असणार. देवळात मी इतकी वर्षं हेच तर मागत होते."

मी तोंड उघडलं. "आई, तो... आ...वाज... मा...झा..."

पुढचा 'नाही' काही केल्या बाहेर येईना. आईने नेहमीसारखी थोडा वेळ वाट पाहिली, मग मुराई काकूंकडे वळली.

"तिला म्हणायचंय, तो आवाज माझाच."

मुराई काकू अभिनंदन म्हणत वाकल्या. आईचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. मीही वाकले.