बुटकं स्टूल

तिनं स्टूल फुटपाथवर ठेवलं, पायानं जरा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "बसा, काका."

संपादकांनी स्टुलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे.

"यावर? अगं, मला उठवायला क्रेन बोलवावी लागेल."

"बोलवू. आधी बसा तर."

ते बसले. गुडघे कटकन वाजले. वर्तमानपत्रं विकणाऱ्या बाईनं वळून पाहिलं, तेव्हा आपण रोज इथेच बसतो अशा थाटात त्यांनी चष्मा सारखा केला.

त्यांच्या पिशवीत तिच्या वडिलांची, म्हणजे मास्तरांची, चित्रं होती. मुलांना आपलं शहर दाखवणारं मुळाक्षरांचं पुस्तक: ख खिडकीचा, प पुलाचा. तीन वर्षं मास्तर त्याच एका कामात बुडाले होते. शेवटचं पान रंगवून झालं आणि पंधरवड्यात ते गेले. आज संध्याकाळी पुस्तक छापायला जायचं होतं, आणि काल संपादकांनी फोनवर, फार हळुवार आवाजात, सांगितलं होतं की चित्रं चुकली आहेत. दारं अवाढव्य, कठडे आभाळाला टेकलेले, माणसं नुसती कमरेपर्यंत. शेवटी हात थरथरायचा मास्तरांचा, नजरही गेली असणार. दुसरा चित्रकार बघून ठेवलाय, रेघा सरळ करून देईल. नाव मास्तरांचंच राहील.

फोन ठेवून ती मटकन खाली बसली होती, हाताशी होतं त्या स्टुलावर. ती चार वर्षांची असताना, तिच्या शेजारी बसता यावं म्हणून बाबांनी त्याचे पाय कापले होते. करवत निसटून त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख उभं चिरलं. "स्टूल कापताय की बोटं?" आई ओरडली होती. नखावरची ती पांढरी रेघ जन्मभर राहिली. गेली तीन वर्षं हे स्टूल काखोटीला मारून बाबा गावभर हिंडायचे. म्हातारा माणूस, बसायला लागतं, एवढंच तिला वाटायचं. काल त्यावर बसल्या बसल्या तिनं समोर पाहिलं, तर घराच्या दाराची कडी 'द'च्या पानावर होती तितकीच उंच होती.

"'घ'चं पान काढा," ती म्हणाली.

घड्याळाचा मनोरा. चित्रात तो मागे कललेला होता, आणि तबकडी लोखंडी कठड्याच्या दोन गजांमध्ये अडकली होती. संपादकांनी पान समोर धरलं. खाली घेतलं. पुन्हा धरलं. रस्त्यापलीकडे, दोन गजांच्या मधोमध, तबकडी अडकलेली होती.

तेवढ्यात घाईनं जाणाऱ्या कुणाची तरी पिशवी त्यांच्या कानावर आदळली.

"आई गं! अगं, ही तर 'ग'च्या गर्दीतली पिशवी!"

"बाबांची नजर गेली नव्हती, काका. खाली बसली होती."

तिनं हात देऊन त्यांना उभं केलं, तेव्हा त्यांनी स्टूल स्वतःच उचललं.

"पुढचं कुठे?"

पोस्टाच्या खिडकीतून खालून फक्त शिक्का मारणारा हात दिसत होता. चित्रातही तेवढाच होता. दवाखान्याच्या पायऱ्यांशी त्यांना बसलेलं पाहून रखवालदार जवळ आला.

"काय हरवलंय का?"

"अक्कल," संपादक म्हणाले. "सापडली."

पुलावर पोचल्यावर त्यांनी छापखान्यात फोन लावला. "जसंच्या तसं घ्यायचं. एक रेघ हलवायची नाही. त्या चित्रकाराला म्हणावं, माफ कर बाबा... काय? हो, तो वरच्या कोपऱ्यातला डाग तेवढा कापा, ठरल्याप्रमाणे."

डाग प्रत्येक पानावर होता. उजव्या कोपऱ्यात, तपकिरी, कडेला अर्धवट तुटलेला. कापायला तिनंच होकार दिला होता. "बाबांचा रंगाचा अंगठा," ती म्हणाली होती. "माझ्या वह्यासुद्धा असल्याच डागांनी भरलेल्या असायच्या."

दिवसभरात पहिल्यांदाच ती स्टुलावर बसली, 'प'चं पान मांडीवर घेऊन. उतारावर स्टूल डुगडुगलं. फोन कानाशी तसाच धरून संपादकांनी मोकळा हात तिच्यासाठी खाली केला. तिनं मान वर केली. समोर पुलाचा कठडा, त्यामागे कमान. आणि वर उजव्या कोपऱ्यात, अगदी त्याच जागी, एक अंगठा.

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. डागाच्या मधून केसाएवढी पांढरी रेघ उभी गेली होती. तिनं पिशवी ओढून घेतली. 'घ'वरही होती. 'ख'वरही.

"काका, फोन ठेवू नका."

"का गं?"

"कोपरा कापायचा नाही."

"अगं, पण डाग..."

"डाग नाही तो. बाबांनी हात दिलाय."

तिनं पान वर धरलं. संपादकांनी पाहिलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं, मग तिच्यापुढे आलेल्या स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. फोनमध्ये कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"आहे, आहे मी," ते म्हणाले. "कोपरे राहू द्या. सगळ्या पानांचे. अहो, डाग नाही तो! छापताना नीट उठला पाहिजे, सांगून ठेवतोय."

शेजारून गाड्या जात होत्या. इथून त्यांची चाकं केवढाली दिसत होती. ऊठ म्हणून संपादकांनी दोनदा सांगितलं, पण ती उठली नाही. तिचा उजवा हात मात्र कधीचा वर गेला होता.