मधले नऊ सेकंद

मी बोलतोय खरा, पण माझ्याजवळ स्वतःचा आवाज नाही. मी एक टेपरेकॉर्डर. जे ऐकलं तेच सांगतो, आणि सांगताना थोडी खरखर करतो. तेवढीच माझी भर.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते नाईलकाठच्या अख्मीम गावातलं बुशरा शिंप्याचं दुकान. त्याच्या बायकोने, इन्साफने, कुवेतला कामाला असलेल्या भावाला शिवणयंत्र आणायला सांगितलं होतं. त्याने मला आणलं. पहिलं वर्षभर इन्साफने माझ्यावरची धूळ पुसली नाही. "याच्यावर एक बाही शिवून दाखवा," असं ती नवऱ्याला म्हणे.

बुशराला गाण्याचं वेड होतं. गाणं म्हणजे आमच्या चर्चमधलं, पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात आलेलं. त्याला स्वतःला गाता येत नसे. एकदा त्याने दुकानात सूर लावला, तर गिऱ्हाईक माप न देताच निघून गेलं. पण कान पक्का होता. दर रविवारी तो वेगळ्या गावच्या चर्चला जाई, आणि गाणारा नुसता गळा दाखवायला लागला की उठून बाहेर पायरीवर बसे.

आमचे पाद्री, अबूना, त्याला एकदा म्हणाले, "बुशरा, प्रार्थनेतून उठणं पाप आहे."

"खोट्या गाण्याला आमेन म्हणणं त्याहून मोठं आहे, अबूना."

"मग पायरीवर बसून काय करतोस?"

"तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तुम्हाला आत बसून ऐकावं लागतं."

ज्याच्या गाण्यातून तो कधी उठला नाही, असा माणूस एकच. मुअल्लिम लबीब. मुअल्लिम म्हणजे चर्चमध्ये गाणारा आणि गाणं शिकवणारा. त्या काळी मुअल्लिम बहुतेक आंधळेच असत. लबीबही लहानपणापासून आंधळे. त्यांची बायको जाहिया त्यांचा हात धरून नेई. गाताना लांब दमाची जागा आली की ते उजवा हात पुढे करत, आणि जाहिया त्या हातात बडीशेपेच्या गरम पाण्याचा पेला ठेवी. एक घोट, की पुढचा दम.

एका हिवाळ्यात जाहिया गेली. त्यानंतर ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात बुशराने लबीबना दुकानात बोलावलं आणि माझ्यासमोर बसवलं. मोठ्या शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, गाणं माझ्यात घ्यायचं होतं. क्रुसावरून उतरवून येशूला कबरेत ठेवतात, त्या वेळचं. शब्द थोडेच, पण एकेक स्वर इतका लांबतो की उपाशी माणसाला शब्दाचा शेवट येईल की नाही अशी शंका यावी.

लबीब गायले. मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही. चांगलं गायले.

मधे लांब दमाची जागा आली. त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला. हातात काही आलं नाही. आवाज फुटला. एक आवंढा, मग गप्प, मग खालच्या सुरातून पुन्हा वर. मधले चार-पाच सूर राहूनच गेले. नऊ सेकंद सगळे मिळून.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "मधलं ते पुसून टाक. पुढच्या आठवड्यात नीट गातो."

"पुसतो, मुअल्लिम," बुशरा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात लबीबना घशाच्या आजारासाठी कैरोला नेलं. वर्षाने परत आले ते कुजबुजण्याएवढा आवाज घेऊन. बुशराने पुसलं नव्हतं. रोज दुपारी तो मला लावी आणि त्या जागी सुई हातात तशीच धरून बसे. मग त्याने लबीबच्या शिष्यांनाही बोलावलं. "या, खरं गाणं ऐका." बत्तीस जण माझ्यासमोर बसून शिकले. आमच्याकडे शिकणं म्हणजे जसं ऐकलं तसं, तसूभर फरक न करता.

पुढच्या मोठ्या शुक्रवारी चर्चमध्ये काळे पडदे लागले होते. मी बुशराच्या मांडीवर होतो. ते गाणं सुरू झालं. लांब दमाची जागा आली, आणि बत्तीसच्या बत्तीस जणांनी एकदम आवंढा गिळला, गप्प झाले आणि खालच्या सुरातून वर आले.

पुढे खुर्चीत बसलेल्या लबीबनी शेजाऱ्याला विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, मुअल्लिम."

"मग हे थांबले का?"

"तुमचंच आहे ना ते. आम्ही काही बदललं नाही."

ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळं गाव खारा मासा आणि कांदे घेऊन नदीकाठी जातं. इन्साफही गेली होती. लबीब काठी टेकत एकटेच दुकानात आले.

"पुसायला सांगितलं होतं," ते कुजबुजले.

"सांगितलं होतं."

"मग?"

"हात धजावला नाही, मुअल्लिम. एवढं खरं मी कधी ऐकलं नव्हतं."

"त्या दिवशी खरं होतं. परवा बत्तीस जण जाहियासाठी गहिवरले. निम्म्यांनी तिला पाहिलंही नाही. तू उठून पायरीवर जातोस ना? परवा का नाही उठलास?"

बुशराने हातातली सुई कापडात खोचून ठेवली.

"त्यांना रडायचं तर आपलं रडू दे. माझं कशाला? आणि मधले सूर माझ्याबरोबर गेले तर पुढे कोणाला कळायचं नाही की तिथे काही होतं."

"पण आता तुम्हाला गाता येत नाही."

"तुला येतं का?"

"नाही."

"मग बस समोर."

सूर चढला की लबीब बुशराचा हात वर उचलत, उतरला की खाली आणत, आणि कानाशी कुजबुजत. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. इन्साफ नदीवरून आली आणि दारातच थांबली.

"मला वाटलं, शेजाऱ्याचं गाढव अडकलंय."

"आत ये, बाई," लबीब म्हणाले. "आता जमायला लागलंय त्याला."

शेवटी बुशराने माझी दोन बटणं एकदम दाबली आणि त्या नऊ सेकंदांवर गायला. जुनं पुसलं जाताना मला काही दुखत नाही. त्या दिवशीही दुखलं नाही, असंच मी सांगत आलो आहे.

बटण सुटल्यावर बुशरा म्हणाला, "सूर घाण लागला."

"घाणच लागला," लबीब म्हणाले. "पण गाणं तेच आहे."

बत्तीस जण माझ्यासमोर बसून ती जागा पुन्हा शिकले, आणि पुढच्या मोठ्या शुक्रवारी तिथून सरळ पार गेले. कोणी थांबलं नाही. लबीबचा उजवा हात मात्र मांडीवरून उठला आणि पुढे झाला. इन्साफने शालीआडून बडीशेपेच्या पाण्याचा पेला काढला आणि त्या हातात ठेवला. मोठ्या शुक्रवारी गाणं संपेपर्यंत कोणी पाणी पीत नाही. अबूनांनी पाहिलं आणि पोथीत मान घातली.

आता ती सगळी माणसं गेली. मी चर्चच्या कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्याखाली असतो. माझा पट्टा सैल झाला आहे. गेल्या महिन्यात बुशराची नात मरियान मला घरी घेऊन गेली. ती सगळी जुनी गाणी संगणकात घेते आहे. ऐकता ऐकता म्हणाली, "एवढ्या सुंदर गाण्यात मधेच हा कोण ओरडतोय? काढून टाकते. सहज निघेल."

मुली, मला फक्त ऐकलेलं सांगता येतं, म्हणून एवढीच विनंती. काढण्याआधी आवाज पूर्ण मोठा कर. तो ओरडणारा थांबतो, तिथे बटण सुटायच्या आधी एक कुजबुज आहे. बत्तीस जणांनी तीही पाठ करू नये म्हणून तुझ्या आजोबांना प्रत्येकाला वेगळं बजावावं लागलं होतं. एका म्हाताऱ्याचा आवाज आहे, एकच शब्द.

"बरोबर."