पाडायला लावलेलं झाड

मार्झानने ते झाड नुसतं डोळ्यांनी बघून रोगट ठरवलं होतं.

त्या उन्हाळ्यात तालगर गावाच्या वरच्या अंगाला सफरचंदाच्या बागा करपत होत्या. कोवळे शेंडे जळाल्यासारखे काळे पडत, आणि बघता बघता अख्खं झाड जाई. रोगट झाड तोडून जाळायचं, एवढाच उपाय. पण तोडायला कुणी तयार नव्हतं. मार्झान अल्माटीच्या प्रयोगशाळेतून पाहणीला आलेली. लोक तिला फाटकातूनच वाटेला लावत.

ओराझबेक अता तेवढे म्हणाले, "ये पोरी, बघ." जन्मभर वनरक्षकाची नोकरी केलेला हा म्हातारा, गावाचा अता म्हणजे आजोबा. डोंगरातल्या रानटी सफरचंदाचं कलम आणून त्यांनी ते झाड अंगणात वाढवलं होतं. पानांवर तपकिरी डाग होते, दोन-चार शेंडे सुकलेले. मार्झानने नमुन्यासाठी फांदी घेतली. निकालाला आठवडा लागला असता. पण एक झाड पडल्याशिवाय गाव हलणार नाही, हेही तिला दिसत होतं. ती म्हणाली, पाडा. अतांनी वाद घातला नाही. स्वतः करवत चालवली, फांद्या जाळल्या, आणि मग दारोदार जाऊन शेजाऱ्यांनाही समजावलं. त्यांच्या शब्दाखातर रोगट झाडं तुटली आणि उरलेल्या बागा वाचल्या.

पुढच्या आठवड्यात मार्झानने त्या फांदीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू जिथे शिरले होते, तिथल्या पेशींनी स्वतःला मारून घेतलं होतं. मेलेल्या पेशींच्या त्या वेढ्यात जंतू कोंडले गेले होते. बाहेर त्यांचा मागमूस नव्हता. पलीकडच्या जिवंत पेशी विभागून जखमेभोवती नवी भिंत बांधत होत्या. ते डाग रोगाचे नव्हतेच. झाडाने रोग अडवला होता, त्याच्या त्या खुणा होत्या. असं झाड शोधण्यासाठीच तर प्रयोगशाळा चालली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख एर्मेक म्हणाले, संशयावरून पाडायची नियमात मुभा आहे, तू कशाला जिवाला लावून घेतेस. मार्झानने मान डोलावली, आणि तालगरला काहीच कळवलं नाही. त्यातच अतांनी बसवाल्याच्या हाती तिच्यासाठी कुर्तची पिशवी पाठवली, गाव वाचवल्याबद्दल. दह्याचे ते खारट गोळे तिने पिशवीतून काढलेच नाहीत.

फांदीवरचे डोळे वाळले होते. कलम बांधण्याजोगा एकही उरला नव्हता. तिने सालीखालच्या हिरव्या भागाचे तुकडे करून काचेच्या बाटल्यांत पोषक खाद्यावर लावले. तेही काळवंडू लागले. सुरीच्या घावाने धास्तावलेल्या पेशी तिथेही मरण पत्करत होत्या. तिने बाटल्या अंधारात, गारव्यात ठेवल्या, खाद्य वरचेवर बदललं. बहुतेक तुकडे गेले. मोजक्या बाटल्यांत मात्र पेशी पुन्हा विभागू लागल्या, गाठी धरल्या, आणि थंडी सरता सरता एका गाठीतून हिरवा कोंब वर आला.

तो कोंब आल्यावर मार्झानला आणखी लपवणं जमेना. ती तालगरला गेली. अतांनी दुधाचा चहा ओतला, पुढ्यात बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, ठेवले. तिने कशालाही हात न लावता सगळं सांगून टाकलं.

अतांनी आपल्या चहाचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "शेजाऱ्यांची झाडं?"

"ती खरंच रोगट होती, अता. तपासून पाहिली मी."

"म्हणजे चुकीचं एकच पडलं. तेही माझंच."

"हो."

"थांबली असतीस तर कळलं असतं?"

"आठवड्यात कळलं असतं. तुम्ही ऐकाल हे मला माहीत होतं, म्हणून तुमच्यापासून सुरुवात केली."

अतांनी तिच्यापुढचा वाडगा उचलला आणि चहा अंगणात ओतून टाकला. "आज जा तू," एवढंच म्हणाले.

वर्षभराने ती त्या कोंबाचं रोप घेऊन आली, तेव्हा त्यांनी फाटक उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. जुन्या खोडापासून दूर, ओढ्याकडेच्या जागेकडे बोट दाखवलं. खड्डा तिनेच खणला. जमीन दगडाळ होती, तळहात सोलवटले. अता पायरीवर बसून बघत राहिले, मदतीला उठले नाहीत. माती दाबून झाल्यावर एकदाच बोलले, "पाणी घालायला तूच यायचं."

मार्झान दर आठवड्याला जाते. चहा अजून मिळालेला नाही, आणि तिने मागितलेलाही नाही.