कोंबड्यानं पळवलेला फीता

मी फीता बोलतोय. जमीन मोजायचा कापडी फीता, चामडी डबीतला. बोलतोय म्हणजे काय, बोलायला लावलंय! ह्या घरची सून समीक्षा, पाव्हणा आला की मला शोकेसमधून काढते, चहाच्या कपाशेजारी ठेवते आणि म्हणते, "ह्याचं ऐका आधी, मग बालीला जा." मी काय कीर्तनकार आहे? माझं अर्धं अंग इथं पनवेलला, अर्धं सातासमुद्रापार, आणि ह्यांना गोष्ट पाहिजे. बरं, ऐका. मधे बोलायचं नाही. बिस्किट खायचं तर आवाज न करता खा.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही. आकडे अंगावर छापून आले, तेवढंच माझं शिक्षण. पनवेलच्या बाजारातून मला दाजी घरतनं आणलं. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि माझी डबी लालबुंद. पितळी दांडा फिरवला की मी सरसर आत, कडी धरून ओढलं की सरसर बाहेर.

लग्नाचे मांडव मोजले, ओवे गावची भातशेती मोजली, पळस्प्याला रस्त्याकडेचे प्लॉट मोजले. माणसाची जात तिथं कळली मला. विकणारा फीता सैल सोडतो, घेणारा ताणतो, आणि दोघंही "देवाशपथ सरळ धरलाय" म्हणतात. देवानं काय तेवढंच काम करायचं?

दाजीच्या गावच्या खाडीकाठच्या खाजणावर भराव पडला तेव्हाही मोजायला मीच होतो, दाजीच्या हातात. बांधावर राखणदार होता, शेंदूर फासलेला दगड. बिल्डर म्हणाला, "तात्पुरता हलवू." तो अजून पाण्याच्या टाकीमागे तात्पुरताच बसलाय. दाजीची बायको वेणू दर अमावास्येला तिथं नारळ घेऊन जाते आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत नवऱ्याशी बोलत नाही.

मग त्यांचा पोरगा दीपेश मोठा झाला आणि लाल ठिपका मारून मोजणारं यंत्र घेऊन आला. मला बघून म्हणाला, "हे भंगार अजून घरात?" झालं! मी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली.

दीपेश आणि समीक्षा एकदा बालीला फिरून आले, तेव्हापासून दीपेशला एकच वेड. तिथं आपला तीन मजली बंगला, समोर निळा स्विमिंग पूल, पाव्हण्यांना राहायला खोल्या. पनवेलचाच देवेश तिकडे जाऊन एजंट झाला होता, त्यानं जागा काढली. पण पैसा होता वेणूच्या माहेरच्या शेताचा. म्हणजे सही तिची.

"मी बघितल्याबिगर सही नाय," वेणू म्हणाली. "आन् तिथं कुनाचा राखनदार हलनार असंल, तं बघूनबी सही नाय."

अशी वरात निघाली. दाजीनं मला धोतरात गुंडाळून बॅगेत टाकलं. दीपेशनं कपाळावर हात मारला. विमानात मी! अहो, पळस्प्याच्या धुळीत लोळलेला फीता ढगावरून चाललाय, खाली नुसतं निळं पाणी. मनात म्हटलं, हे कोण मोजणार, कोणाच्या बापाची टाप आहे?

जागा मात्र झकास. पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती, खाली समुद्र, मधून पाण्याचा पाट. कोपऱ्यात छोटंसं दगडी देऊळ, पुढ्यात पानाच्या ताटलीत ताजी फुलं. मालक केतुत आजोबा, चौकड्याची लुंगी नेसलेले, बांबूच्या टोपलीतून आपला लाडका कोंबडा नुकताच बाहेर काढत होते. आमचं तोंडभर हसून स्वागत केलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती, त्यामुळे सगळं फार प्रेमानं चाललं होतं.

दीपेशनं यंत्र रोखलं. उन्हात लाल ठिपका दिसेचना. दाजीनं खोकल्यासारखं हसून मला बाहेर काढलं. कडी देवळाच्या कडेला ठेवली, डबी दीपेशच्या हातात. ताणलंच मला!

देवेश म्हणाला, "परदेशी माणसाला इथं जमीन विकत मिळत नाही. पण टेन्शन नाही, इथल्याच एकाच्या नावावर घेऊ."

"उसनी चप्पल घालून लग्नाला जावं," दाजी म्हणाला, "पन जमीन दुसऱ्याच्या नावावर घेऊ नये. भाडेकरार करायचा, सरळ."

"बरं, करार करू. मग हे छोटं देऊळ शिफ्ट करतो. पाट बुजवला की बरोब्बर पूलची जागा. सेटिंग होतं."

"तात्पुरतं का र?" वेणूनं विचारलं.

"हो काकी, टेम्पररीच."

"मंग झालंच!" असं म्हणून ती देवळापुढं फतकल मारून बसली. "आता मी ह्यालाच इचारते. कौल लावते."

कौल म्हणजे आपल्याकडं लावतात तोच. देवाच्या दगडाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वेणूनं तशा दोन पाकळ्या चिकटवल्या, केतुतच्या सुनेकडून खाणाखुणा करून चिमूटभर तांदूळ मागितले, तेही पुढं टाकले. देवेश घामाघूम. "काकी, दुसऱ्यांच्या देवाला असा हात नका लावू!" काकी कुठली ऐकतेय? डोळे मिटून बसली.

सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. पाकळी हलेना.

"आये," दीपेश कुजबुजला, "वाऱ्याला पन व्हिसा लागतो का इथं?"

तेवढ्यात तांदूळ बघून कोंबडा आला. टिपता टिपता त्याचा पाय घुसला माझ्या कडीत. एकदा झटकला. दोनदा झटकला. आणि मग जो उधळला!

काय सांगू तुम्हाला! मी सर्रर्र सुटलो. उभ्या जन्मात इतक्या वेगानं कुणी मला ओढलं नव्हतं. बांधावरून, पाटावरून, चिखलातून, परत वर! पुढं कोंबडा, मागं केतुत, त्याच्यामागं धोतर सावरत दाजी, त्याच्यामागं डबी धरून दीपेश, आणि शेवटी मोबाईलवर शूटिंग करत समीक्षा. देवेश पहिल्याच पाटात आडवा. दाजी हसून हसून चिखलात बसला तो उठेचना. मी म्हटलं, पळ लेका, पळ! मला मोजायची नाही आज कुणाची जमीन!

पण कोंबड्याचा पाय आवळत चालला. दीपेशनं केतुतच्या कमरेचा विळा उपसला आणि खच्चकन मला मधोमध कापलं. विचारणं नाही, पुसणं नाही.

परत येऊन बघतात तर दोन्ही पाकळ्या खाली. आधी कुठली पडली? कुणी बघितलंच नव्हतं!

"आता देवबी सांगत नाय आन् तूबी बघितलं नाय!" दाजीनं वेणूला टोमणा मारला.

वेणूनं दोन्ही पाकळ्या उचलून देवळापुढं ठेवल्या. मग म्हणाली, "देवाला इचारलं, एजंटाला इचारलं, लाल ठिपक्याला इचारलं. ज्याची जमीन हाय त्याला कुनी इचारलं का? आपला राखनदार हलवला तवा आपल्याला कुनी इचारलं व्हतं?" आणि केतुतपुढं जाऊन तिनं कान धरले. "बाबा, तुज्या देवाला तुला न इचारता हात लावला. चुकलं माजं. आता तू सांग."

देवेशनं मुकाट्यानं अर्थ सांगितला. केतुत कोंबड्याला कुरवाळत म्हणाले, देऊळ जागेवर राहील, सून रोज सकाळी फुलं ठेवायला येईल. पाट वाहता राहील, खाली शेजाऱ्याचं भात आहे. आणि छप्पर माडाच्या वर जाणार नाही. एवढं करा, आणि जेवायला बसा.

"मग स्विमिंग पूल?" दीपेशचा चेहरा उतरला.

"समुद्र हाय ना समोर!" वेणू म्हणाली. "त्यात बुड!"

दीपेश हसला. तिथंच पाटाच्या पाण्यानं चिखलाचे हात धुतले, कागद पुढं केला आणि पेनाचं टोपण काढून आईला दिलं. वेणूनं सही केली. आज तिथं चार बैठ्या खोल्या आहेत.

माझा तिकडचा तुकडा केतुतनं भातावर ताणलाय, पाखरं हाकायला. वाऱ्यावर असा गुणगुणतो की बस! व्हिडिओ कॉलवर ऐकवतात मला. ह्या वयात गाणं सुचलं बघा. तुम्ही जाल तेव्हा माझ्या त्या अंगाला रामराम सांगा, आणि फुलांच्या ताटलीवर पाय देऊ नका.

आणि एक निरोप आहे, ह्याच घरात द्यायचा. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. वेणूनं केतुतची, देवेशनं वेणूची. माझ्या कापणाऱ्यानं तर कोंबड्यापुढंही हात जोडले, मी डोळ्यांनी बघितलं. राहिलो तो मीच. भंगार म्हणाला, मधोमध कापलं, आणि आजतागायत एक शब्द नाही. तो बघा, तिकडं सोफ्यावर बसून तुमच्या वाट्याची बिस्किटं खातोय: दीपेश दाजी घरत.