उलकानसाठी पंधरा अंडी

"डोळे मीट," सासूबाई म्हणाल्या.

मी मिटले. उजव्या पापणीवर अंडं टेकलं.

"काय लागतंय?"

"गार."

"गार म्हणजे किती? विहिरीच्या पाण्याएवढं, का खिडकीच्या काचेएवढं?"

"विहिरीच्या पाण्याएवढं, एने."

"मग ठेव टोपलीत. टोक खाली. आणि फडक्यानं पुसलंस तर बघ!"

सहा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले, सासूबाईंना एने, म्हणजे आई, म्हणू लागले, तेव्हा असला काही प्रकार नव्हता. फेब्रुवारी संपत आला तरी आमच्या डोंगरांतल्या आत-बाशी गावात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. अशा थंडीत सासूबाई दिवसातून पाच वेळा खुराड्यात जायच्या, अंडं नुसतं मुठीत धरायच्या आणि सांगायच्या, हे चांगलं, हे गोठलेलं. गोठलेलं अंडं घरात आणून तासभर ठेवलं की ते चांगल्यासारखंच दिसतं, कवच तडकलं नसेल तर कोणाच्या बापाला ओळखता येत नाही. खायला ते चालतं, पण त्यातून पिल्लू निघत नाही. म्हणून ओळखायचं ते उचलतानाच. गावातल्या निम्म्या कोंबड्या बुबुसाराच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अंड्यांतून निघालेल्या आहेत, आणि तिचं अंडं कधी वाया गेलं असं कोणी ऐकलं नव्हतं.

या हिवाळ्यात मात्र त्यांनी माझ्या पापण्या वापरायला सुरुवात केली. मला वाटलं, चला, सासूबाई आपल्याला विद्या देताहेत. मी आपली फुशारले. तीस वर्षं सामुदायिक शेतीवर गाई पिळून आणि बर्फाळ पाण्यात बादल्या विसळून त्यांच्या हातांचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साखर वाढलीय असं दवाखान्यातली नर्स म्हणाली होती. त्यावर सासूबाईंनी तिलाच झापलं होतं.

पहाटेची फेरी त्या एकट्या करायच्या. गेल्या आठवड्यात पहाटेच्या अंड्यांत मला एक सापडलं, केसाएवढा तडा गेलेलं, आत बर्फ. मी गुपचूप कुत्र्याला घातलं. दोन दिवसांनी आणखी एक. तेही कुत्र्याला. आणि आज सकाळी त्यांनी टोपलीत ठेवलेलं एक अंडं दुसऱ्यावर टक्कन वाजलं, दगडावर दगड वाजावा तसं. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी चहाला पाणी ठेवायला निघून गेले. "माझ्या अंड्याला नावं ठेवणारी अजून जन्माला यायचीय," हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की जीभ उचलेना. ते अंडं कुठलं होतं, हे थोड्या वेळानं मलाही सांगता आलं नसतं. टोपलीत अठरा होती.

अकराच्या सुमारास उलकान आली. खालच्या आळीत राहते, सासूबाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून त्यांना एजे, मोठी बहीण, म्हणते. जानेवारीत कोल्ह्यानं तिचं खुराडं एका रात्रीत रिकामं केलं होतं. आज तिचा भाऊ गाडी घेऊन नारिन शहराला निघाला होता. तिथे एकाकडे अंडी उबवायचं मशीन आहे, त्यात पंधरा अंड्यांची जागा मिळाली होती, तीही आजच. आजची चुकली की पुढची जागा एप्रिलअखेर. तिनं खोक्यात लोकर अंथरून आणली होती.

"एजे, अंडी काढा. भाऊ निघतोय."

"घोड्यावर बसूनच आलीस का? बस आधी. रिकाम्या पोटी कोणी माझ्या घरातून गेलंय का?"

"बसते, पण अर्धाच कप हं. आणि दुसऱ्या कोणाची असती तर उजेडात धरून बघितली असती. तुमच्या अंड्यांना मी बघणारसुद्धा नाही. मागं अठरा नेली, अठरा पिल्लं निघाली. नवरासुद्धा एवढा भरवशाचा नाही मिळाला मला."

"नवऱ्यालाही मशीनमध्ये ठेवायचा होतास," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मला हसू येईना. मी पाव, लोणी, जर्दाळूचा मुरंबा मांडला आणि हात धुवायला किटली आणि तस्त घेऊन आले. माझं सगळं लक्ष त्या टोपलीत. गार पाणी मिसळायचं राहून गेलं, हे मला कळलंच नाही.

वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करायची, म्हणून आधी सासूबाईंच्या हातांवर धार धरली. त्यांनी निवांत हात चोळले, नखं चोळली, बोटांमधल्या खाचा चोळल्या. नंतर उलकाननं हात पुढे केले, आणि किंचाळून मागे घेतले.

"अगं बाई! भाजलं की! उकळतं पाणी ओततेस?"

किटलीतून वाफा निघत होत्या. सासूबाईंचे तळवे लालबुंद झाले होते. उलकान त्यांच्याकडे बघत राहिली.

"एजे... तुम्हाला लागलं नाही?"

सासूबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले, कोणा परक्या माणसाचे असावेत तसे. अंगठ्यानं एकेक बोट दाबून पाहिलं. मग त्यांनी टोपलीकडे पाहिलं. आतापर्यंत त्यांनी स्वतःलाही काही सांगितलं नव्हतं, हे मला त्या क्षणी समजलं.

मी धावत जाऊन बाहेरून बर्फ आणला. त्यांनी तो बाजूला सारला.

"सूनबाई, तवा ठेव. आणि तो मोठा वाडगा आण."

"एने, तुमचे हात..."

"तवा ठेव म्हटलं ना."

टोपली मांडीवर घेऊन त्यांनी पहिलं अंडं वाडग्याच्या काठावर फोडलं. बलक छान पसरला. दुसरं फोडलं. तेही चांगलं. उलकान ओरडली, "अहो, काय करताय? बीजाची अंडी आहेत ती!" तिसऱ्याचा बलक पसरला नाही. वाडग्यात तो गोळ्यासारखा घट्ट बसून राहिला, चमच्यानं ढकलला तर घरंगळला.

"हे गोठलेलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

चौथं चांगलं. पाचवं गोठलेलं. उलकाननं त्यांचं मनगट धरलं. "पुरे, एजे! राहिलेली तेरा द्या मला. निघतील तेवढी निघतील, मी काही बोलणार नाही."

"तू नाही बोलणार. पण एकवीस दिवस माझं नाव घेऊन वाट बघशील. ते मला नको." त्यांनी हात सोडवून घेतला आणि सहावं फोडलं.

अठराच्या अठरा फोडली. सहा गोठलेली निघाली.

"तुला माहीत होतं?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"हो एने. गेल्या आठवड्यापासून. दोन मी कुत्र्याला घातली."

"तरीच कुत्रं माजलंय." मग म्हणाल्या, "बोलली का नाहीस?"

"भीती वाटली."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवडाभर आधी मी तोंड उघडलं असतं, पहाटेची फेरी मी केली असती, तर आज उलकानच्या खोक्यात पंधरा चांगली अंडी असती आणि सासूबाईंना पाहुणीसमोर हे करावं लागलं नसतं. सासूचा मान राखायचा म्हणून मी गप्प बसले होते, आणि तोच असा वाडग्यात फुटून पडला होता.

त्यांनी चांगल्या बलकांची अंडी उलकानला तळून वाढली, गोळे झालेली स्वतःच्या ताटात घेतली. उलकान डोळे पुसत पुसत खात होती. बाहेर भावाच्या गाडीचा भोंगा वाजला. ती रिकामं खोकं काखेत मारून उठली.

"एप्रिलमध्ये येईन, एजे."

"ये. तेव्हा मिर्गुल देईल," सासूबाई म्हणाल्या. माझं नाव त्यांनी पाहुण्यांसमोर प्रथमच घेतलं.

मी भांडी घासायला बसले. रडू आवरत नव्हतं, पाण्याचा आवाज होता म्हणून बरं. तेवढ्यात खुराड्यातून कोंबडी ओरडली. अंडं घालून झालं की ओरडते तशी. सासूबाई सवयीनं उठल्या आणि दाराकडे गेल्या. मी हात पुसून मागोमाग गेले.

आमच्याकडे सुनेनं सासूचे बूट वळवून ठेवायचे असतात, टोकं दाराकडे, म्हणजे पाय सरळ आत जातो. सासूबाई उंबऱ्याशी वाकल्या होत्या. लाल तळव्यांनी त्यांनी माझे बूट उचलले, टोकं दाराकडे करून ठेवले आणि भिंतीला टेकून मला वाट दिली.