असली रणजोर

अकरावा माणूस गच्चीवरून खाली कोसळला, तेव्हा भिमानं जयवंताच्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं,

"असली कवा येतो?"

जयवंताची मांडी दगडासारखी घट्ट झाली. तीन दिवसांत थोरल्या भावानं तोंडातून काढलेला हा पहिलाच प्रश्न.

"कोन असली, अण्णा?"

"रणजोर. ह्यो खोटा हाय. त्येचा कोट घालून फिरतोय."

पुढं बसलेली दोन डोकी वळली आणि लगेच पुन्हा टीव्हीकडं फिरली. भिमाच्या बोलण्यावर पहिलं कोण हसणार, ते सणसरमध्ये अजून ठरलं नव्हतं.

दादासाहेबांच्या नातवाचं, समर्थचं, जावळ होतं. बायका घरात, गडी कांद्याच्या चाळीत. चाळीच्या जाळ्यांना पोती ठोकून भर दुपारी अंधार केलेला, आणि बारामतीहून रामहरीनं आणलेला व्हिडिओ लाकडी खोक्यावर मांडलेला. पोत्यांच्या पलीकडं दुसरा बोकड सोलून झाला होता. सत्तूर ओंडक्यावर पडत होता, आणि आतल्या मारामारीचा ठोका चुकला की बाहेरून तो भरून निघत होता.

गुप्तहेर रणजोर या भागातल्या गड्यांना घरच्या माणसासारखा ठाऊक होता. काळा कोट, गळ्यात लाल रुमाल, देशासाठी माणसं मारायची आणि शेवटी आंधळ्या आईच्या हातची खीर खायची. भिमानं त्याचे सगळे पिक्चर जत्रेच्या तंबूत बघितले होते. मग भिमा येरवड्याला गेला, आणि तो आत असताना पहिला नट घोड्यावरून पडून कमरेतून गेला. पिक्चरवाल्यांनी तोच कोट दुसऱ्याच्या अंगावर चढवला. मधे एक तिसराही येऊन गेला, पण त्याचा एकच पिक्चर झाला. ऊस तुटायच्या आत लोक त्याला विसरले. हे सगळं गावाला माहीत होतं. साडेपाच वर्षं बाहेर नसलेल्या माणसाला ते सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तसं त्याला आणखीही काही सांगायचं राहिलं होतं. पण ते त्याला घरात पाऊल ठेवताक्षणी दिसलंच. त्याच्या बायकोच्या, सारजाच्या, हातात चहाचा कप होता, आणि तिनं तो आधी जयवंतापुढं ठेवला.

"मी मोजलंय," सावळारामतात्या म्हणाला. तात्याला सगळ्याची मोजदाद ठेवायची खोड. कुणाच्या मयताला किती माणूस होतं, कुणाच्या बैलाला किती दात, सगळं तोंडावर. भिमा ज्याच्या खुनात आत गेला त्या पिंपळीच्या गेणूचं मढं बैलगाडीतून नेलं तेही त्यानंच, आणि समोरून बसलेल्या घावानं उजव्या कानाच्या वर फट केवढी पडली होती ते तो अजून बोटाची दोन पेरं दाखवून सांगायचा. "पैला रणजोर एका पिक्चरला एकतीस मारायचा. ह्यो शेचाळीस मारतो."

"मग? ह्योच भारी की," रामहरी म्हणाला.

"थांब की लेका. पैल्यानं मारलेला मानूस उठत नव्हता. ह्येनं मारलेली निम्मी पुढच्या मारामारीला पुन्हा हजर. त्यो टकल्या बघ, तिसऱ्यांदा मरतोय."

चाळ हसली. टकल्यानं तात्याचं ऐकलं असावं, कारण तो काचेच्या दारातून आरपार गेला आणि या खेपेला उठला नाही.

"तात्या, पैल्याला पळताना धाप लागायची. मारायच्या आधी कोट काढून घडी घालत बसायचा. तवर ह्यो चारजण लोळवतोय."

"कोट काढायचा म्हंजी इज्जत असायची त्येला. मारायचं ते सांगून मारायचा."

"आन ह्यो डावरा हाय," भिमा म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला नाही. टीव्हीवर नवा रणजोर डाव्या हातानं एकाचा जबडा फिरवत होता. जयवंतानं आपला डावा हात हळूच मांडीखाली सरकवला. लहानपणी आईनं, धोंडाबाईनं, या हातावर उलथनं तापवून ठेवलं होतं. जेवायला तो उजव्या हातानं शिकला, बाकी कशाला शिकला नाही.

तीन दिवस भिमा गोठ्यात झोपत होता. कुणाशी भांडला नाही, कुणाला शिवी दिली नाही. उजाडलं की कोयता घ्यायचा आणि दगडावर लावत बसायचा. तोडायला ऊस नव्हता. जयवंता घरात बसून ते घासणं ऐकायचा. पहिल्या दिवशी शंभरच्या पुढं मोजलं, मग सोडून दिलं. भाऊ आपल्याला मारणार यात त्याला शंका नव्हती. कधी, एवढंच समजत नव्हतं. आणि जावळाला चल म्हणून भिमा स्वतः गोठ्यातून उठून आला, तेव्हा जयवंता वाटभर त्याच्या दहा पावलं मागं चालला होता.

सारजानं मात्र त्याला कालच ऐकवलं होतं, "भ्यायचं हुतं तर तवाच भ्यायचं."

तेव्हा म्हणजे तीन वर्षांपूर्वी. सारजा पाच पंचांसमोर उभी राहून म्हणाली होती, "एक तर नवरा द्या, न्हाय तर काडी द्या." काडी मोडायला नवरा-बायको दोघं लागतात. भिमा तर आत. मग पाटावर त्याचा पटका ठेवला आणि त्याच्या वतीनं धोंडाबाईनं काडी मोडली. महिन्यानं सारजाचा धाकट्या दिराशी, जयवंताशी, पाट लागला. भिमाची पोर छकुली त्याला आप्पा म्हणू लागली. पोलिसांच्या गाडीत बसताना भिमा धाकट्याला एवढंच म्हणाला होता, "माझं घर सांभाळ." जयवंतानं त्या शब्दाचं पोट जरा मोठं धरलं होतं.

टीव्हीवर आता आंधळी आई आली. नवा रणजोर तिच्या पायाशी बसला. तिनं त्याचा चेहरा चाचपला, गाल, नाक, कपाळ. भिमा गुडघ्यांवर पुढं सरकला.

"आता सापडतोय," तो म्हणाला.

आईनं रणजोरचं डोकं छातीशी धरलं आणि खिरीची वाटी पुढं केली.

भिमा कितीतरी वेळ तसाच पुढं झुकून राहिला. उरलेल्या पिक्चरात रणजोरनं पूल उडवला, दोन मोटारी जाळल्या, वैऱ्याला उसाच्या चरकासारख्या कसल्याशा यंत्रात घातलं. भिमाचं लक्ष मारामारीत नव्हतं. पडद्यावर दार उघडलं की तो दाराकडं बघायचा. शेवटी गाणं झालं, नावं आली आणि टीव्हीवर मुंग्या नाचू लागल्या.

"आलाच न्हाय," तो म्हणाला.

"कोन?" रामहरीनं विचारलं.

"असली."

"आबा, अवो हाच असली आता. बदली मानूस हाय." रामहरी कॅसेट काढायला वाकला. बारामतीचा माणूस, जीभ मोकळी. "कोट त्योच, आई तीच, समदं त्येच. पिक्चरात कुनी इचारतं का, ह्यो नवा कोन म्हून? तुमच्या घरी तरी कुनी इचारलं का?"

बाहेर सत्तूर एकदा पडला.

हलला तो भिमा नव्हता. जयवंताची मूठ रामहरीच्या तोंडावर बसली आणि दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रामहरी टीव्हीवर आदळला. कोण उठलं ते कुणाला दिसायच्या आत खोकं कलंडलं, काच फुटली, आणि होता तेवढा उजेड गेला. अंधारात माणसं एकमेकांच्या पायांत अडखळली. "धरा, धरा" म्हणत कुणीतरी भलत्यालाच धरलं. जयवंता रामहरीच्या छातीवर बसून मारत होता. तोंडावर, डोळ्यांवर, पुन्हा तोंडावर. हाताला ओलं लागत होतं आणि त्यामुळं हात थांबण्याऐवजी आणखी चालत होता. तीन दिवसांची सगळी भीती त्या एका हातात उतरली होती. मग कुडाला टेकवलेलं खोरं त्या हाताला लागलं. त्यानं ते उचललं, उठून उभा राहिला आणि डोक्याच्या वर नेलं.

वरच्या वर कुणीतरी दांडा धरला.

पकड जयवंतानं ओळखली. अशीच ती साडेपाच वर्षांपूर्वी कालव्याच्या कडेला, तांबडं फुटताना, बसली होती. पाण्याची पाळी होती, आणि खोऱ्यानं वाफ्यावाफ्यात पाणी वळवत उसाला दारं तो एकटाच धरत होता. पिंपळीच्या गेणूनं वरून पाटाचं बारं फोडलं, पाणी आपल्या वावरात वळवलं आणि वर आईवरून शिवी दिली. पुढचं जयवंताला नीट आठवत नाही. चिखलात पालथा पडलेला गेणू, लाल होत गेलेलं पाणी, आणि धावत आलेला भिमा एवढंच आठवतं. भिमानं असाच दांडा धरला होता. त्याच्या हातातून खोरं काढून घेतलं होतं. आणि दम खात म्हणाला होता, "दारं मी धरलं हुतं. ध्यानात ठेव. तुझं अजून लगीन व्हायचंय."

कोर्टात तसंच लिहिलं गेलं. गावही तसंच सांगत आलं.

"सोड," आता भिमा अंधारात म्हणाला. जयवंतानं सोडलं.

दादासाहेबांनी बाहेरून पोतं ओरबाडून काढलं. दुपारचं ऊन भसकन आत पडलं. रामहरी जमिनीवर कुशीवर वळला होता, दोन्ही डोळे रक्तानं मिटलेले, तोंडातून बुडबुडे येत होते. त्याच्यापाशी भिमा उभा. त्याच्या हातात खोरं.

"भिमा!" दादासाहेबांचा आवाज चिरकला. "सुटून तीन दिस झालं न्हायत रं! माझ्या नातवाच्या जावळाला?"

"ह्यानंच, दादासाहेब," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी म्हनलंच हुतं, हात दाखवल्याबिगर ऱ्हायचा न्हाय."

"रामहरी, कुनी मारलं रं?" दादासाहेबांनी वाकून विचारलं.

रामहरीनं न बघताच मान हलवली. "भिमाआबानं..." तो म्हणाला, आणि त्याच्याबरोबर दाताचा एक तुकडा बाहेर आला.

"जीप काढा ह्येच्यासाठी. आन पोलीस पाटलाला बोलवा."

जयवंता कुडाला पाठ लावून उभा होता. काही बोलायचं असेल तर आता, हे त्याला कळत होतं. तोंड उघडायला फारसं काही लागत नाही. पण गेल्या खेपेसही लागलं नव्हतं. आणि आता तर गप्प राहण्यात फायदा होता. दगडावर घासणारा कोयता जाईल. गोठा रिकामा होईल. सारजाचा चहा पहिल्यांदा कुणापुढं ठेवायचा, हा प्रश्नच उरणार नाही. त्यानं भावाकडं बघितलं. भिमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पिक्चर बघताना होता तसाच चेहरा होता, दाराकडं बघणारा.

जयवंता गप्प राहिला.

भिमानं थोडा वेळ वाट पाहिली. जेवढा वेळ पिक्चरात पाहिली होती, त्याहून कितीतरी कमी. मग तो जयवंतापाशी आला. खोऱ्याचा दांडा पुढं केला आणि उजवा हात पुढं येण्याची वाट न बघता त्याच्या डाव्या हातात दिला. बोटं स्वतःच्या हातानं दांड्याभोवती मिटली. जयवंताच्या बोटांच्या सांध्यांवरची सालटी निघाली होती, आणि मुठीतलं रक्त मनगटापर्यंत गेलं होतं. भिमानं स्वतःचे दोन्ही तळवे उन्हात धरून बघितले. कोरडे होते.

"ह्या पाळीला दारं तू धरलं हुतंस," तो म्हणाला. मग किंचित थांबून, जणू हिशेबात एक राहून गेलं होतं तसं म्हणाला, "त्या पाळीलाबी."

तो वाकून पोत्याखालून बाहेर पडला. घराकडं वळला की फाट्याकडं, ते आतून दिसलं नाही.

सगळे जयवंताच्या डाव्या हाताकडं बघत होते. सावळारामतात्याचे ओठ हलले, बोटाची दोन पेरं त्यानं अंगठ्यानं चाचपली. मग त्याचा हात आपसूक वर गेला, स्वतःच्या उजव्या कानाच्या वर, आणि तिथंच राहिला.